वाचक विचारतात : स्वीनी टॉडचा वस्तरा आणि आपला रंगमंच

बीबीसीच्या २००६ सालच्या ‘स्वीनी टॉड’ या टीव्हीपटावर मागच्या अंकात लिहिलं होतं. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा एक न्हावी गिऱ्हाइकांचे गळे चिरतो आणि त्याची साथीदार लव्हेटबाई त्या मांसाच्या पाई करून विकते, ही मूळ दंतकथा. टीव्हीपटात रे विन्स्टन टॉड झालाय, एसी डेव्हिस लव्हेट. लेखावर पत्रं आली ती दोन तऱ्हेची. काहींनी मतं कळवली, आणि काहींनी सरळ ‘हे आम्हाला करायचंय, खुर्ची कशी पाडू?’ असं विचारलं. नाटकवेड्या गोव्यात दुसरं काय होणार! मतांची पत्रं आधी घेतो, सुतारकाम मागाहून.

विन्स्टनचा टॉड आमच्या घरी कुणालाच रुचला नाही. गाणी नाहीत, विनोद नाही, दीड तास नुसता काळोख. जॉनी डेपचा सिनेमा किती रंगला होता! टीव्हीवाल्यांनी गाणी का काढून टाकली?
— वाचक, मडगाव

काढली नाहीत हो, ती तिथे कधी नव्हतीच. तुमच्या मनात आहे ते स्टीफन सोंडहाइम या अमेरिकी संगीतकाराचं संगीतक, म्हणजे गाण्यांतून सांगितलेलं नाटक. ते १९७९ साली ब्रॉडवेवर आलं आणि २००७ साली टिम बर्टनने त्याचाच सिनेमा केला. बीबीसीवाल्यांनी त्या संगीतकाला हातच लावलेला नाही, ते थेट जुन्या दंतकथेकडे गेले. त्याआधी १९९८ साली बेन किंग्सलीला घेऊन असाच एक बिनगाण्याचा टीव्हीपट झाला होता. गाण्यांसकट टॉड घरी बसून बघायचा असेल तर अँजेला लॅन्सबरी आणि जॉर्ज हर्न यांच्या रंगमंचीय प्रयोगाचं १९८२ सालचं चित्रण शोधा. डेपच्या सिनेमापेक्षा आम्ही त्याला वरचा नंबर देतो. लॅन्सबरीची लव्हेट पाई लाटता लाटता माणूस कापायची गोष्ट ज्या सहजतेने काढते, ती सिनेमात साधलेली नाही.

काळोखाबद्दलची तक्रार मात्र निम्मी मान्य. संगीतकात प्रेक्षक आधी हसतो आणि मग आपण कशाला हसलो ते कळून दचकतो. विन्स्टनच्या टॉडकडे ही सुटका नाही. तो सगळी भूमिका दबक्या आवाजात करतो, त्यामुळे मधला भाग ओढल्यासारखा होतो. पण शेवटपर्यंत बसलात तर हा दबका आवाजच लक्षात राहतो.

हा टॉड खरंच होऊन गेला का? मुलगा म्हणतो, इंटरनेटवर त्याच्या फाशीची तारीखसुद्धा आहे.
— वाचक, पणजी

तारीख आहे, पुरावा नाही. पीटर हेनिंग या लेखकाने टॉड खरा होता, त्याच्यावर खटला चालला आणि १८०२ साली त्याला फाशी झाली असं लिहिलं. त्या खटल्याची नोंद अभ्यासकांना ना ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयाच्या कागदांत सापडली, ना त्या काळच्या वर्तमानपत्रांत. खात्रीने सांगता येतं ते एवढंच : ‘द स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ ही कादंबरी नोव्हेंबर १८४६ ते मार्च १८४७ या काळात लंडनच्या एका स्वस्त साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली, लेखकाच्या नावाशिवाय. शेवटचा हप्ता छापून व्हायच्या आतच तिच्यावरचं नाटक रंगमंचावर उभं होतं. पॅरिसच्या र्‍यू द ला आर्प या रस्त्यावरच्या न्हाव्या-बेकऱ्याची अशीच एक गोष्ट लंडनमध्ये १८२४ सालीच छापून आली होती, म्हणजे बीज त्याहून जुनं.

टीव्हीपटात खरा माणूस आहे तो वेगळाच. डेव्हिड वॉर्नरने केलेला आंधळा न्यायाधीश, सर जॉन फील्डिंग. तो १७५४ ते १७८० लंडनच्या बो स्ट्रीटवरच्या न्यायालयात बसायचा आणि तीन हजार चोर नुसत्या आवाजावरून ओळखायचा, अशी त्याची ख्याती होती. या माणसावर वेगळा टीव्हीपट व्हायला हवा.

टीव्हीपटात टॉडचं बालपण न्यूगेट तुरुंगात गेलेलं दाखवलंय. त्यामुळे त्याची कीव येते. खुनी माणसाची कीव यावी का, यावर आमच्या नाट्यमंडळात दोन तट पडलेत. तुमचं मत?
— वाचक, फोंडा

मूळ कादंबरीतल्या टॉडला भूतकाळ नाही. तो पैशांसाठी मारतो. खलाशाकडे मोत्यांची माळ आहे, ती हवी. माणूस मेला काय, राहिला काय. सूडाचं कारण टॉडला चिकटलं ते १९७३ साली. क्रिस्टोफर बाँड या इंग्रज नाटककाराने बायको हिरावून घेणारा न्यायाधीश आणि खोट्या शिक्षेवरून परत आलेला न्हावी असं नवं नाटक रचलं. सोंडहाइमचं संगीतक त्यावर उभं आहे. बीबीसीने सूडाऐवजी तुरुंगाची जखम दिली.

कीव यायला हरकत नाही, हरकत आहे ती हिशेबाला. सूड एका माणसावर असतो. तो एक माणूस खुर्चीत येईपर्यंत बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय घोडं मारलं होतं? संगीतकात हा प्रश्न एका गाण्यात सुटतो : न्यायाधीश हातातून निसटतो आणि टॉड साऱ्या जगावरच वस्तरा उगारतो. टीव्हीपटात ती उडी हळूहळू, न बोलता घडते, आणि ती पटते का यावरच तुमचे दोन तट पडलेत. आम्हाला पटली. पण पटते ती तुरुंगामुळे नव्हे, दुकानामुळे. रोज तेच काम करणारा माणूस, तीच खुर्ची, तोच गळा हाताखाली, आणि एक दिवस हात थांबत नाही. म्हणून ज्यांना हे नाटक करायचंय त्यांना पहिली सूचना : टॉडच्या नटाला आधी दाढी करायला शिकवा. रडायला नंतर.

माझं सलून आहे. सिनेमा-नाटकातले न्हावी बघून हसू येतं. कुणालाच वस्तरा धरता येत नाही. आणि त्या काळचा न्हावी दात उपटायचा, जखमा शिवायचा हे खरं का?
— वाचक, म्हापसा

खरं. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० साली, लंडनचे न्हावी आणि शस्त्रवैद्य एकाच संघात बांधले गेले. १७४५ साली शस्त्रवैद्य वेगळे झाले. पण कायद्याने फारकत झाली म्हणून गल्लीतल्या माणसाने दुखरी दाढ घेऊन न्हाव्याकडे जायचं सोडलं नाही. टीव्हीपटाचा काळ साधारण तोच. पुरुषांनी घालायचे केसांचे टोप तेव्हा जायला लागले होते. धंदा बसला म्हणून लंडनच्या टोप करणाऱ्यांनी १७६५ साली तिसऱ्या जॉर्जकडे अर्ज केला होता.

वस्तऱ्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. नटांसाठी थोडक्यात, चुकतं ते असं. वस्तरा सुरीसारखा मुठीत धरतात. खरं तर पहिली तीन बोटं पात्याच्या मागच्या दांडीवर, करंगळी शेपटीवर, अंगठा खालून. पातं कातडीला उभं लावतात. हवं साधारण तीस अंश, पाठ जवळजवळ गालाला टेकलेली. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुसरा हात मोकळा लोंबकळतो. डाव्या हाताने कातडी ताणल्याशिवाय कुठलाही न्हावी वस्तरा टेकवत नाही. क्रम असा : आधी कानशिलापासून जबड्यापर्यंत एक गाल, मग दुसरा, मग ओठाच्या वर, हनुवटी, आणि गळा सर्वांत शेवटी, गिऱ्हाइकाची मान मागे टाकून. नाटककाराला आयताच मिळालेला चढता क्रम आहे हा. तो मोडून पहिल्याच मिनिटाला गळ्याकडे धावू नका. चामड्याच्या पट्ट्यावर परजताना पाठ पुढे आणि धार मागे राहते, आणि प्रत्येक टोकाला पातं पाठीवरून उलटतं. धार पुढे ठेवून परजलं तर पट्टा कापला जातो, आणि पहिल्या रांगेतला तुमच्यासारखा प्रेक्षक तिथेच हसतो.

त्या काळचं भांडंही शोधायला सोपं आहे. काठाला गळ्याच्या मापाची अर्धगोल खाच असलेलं पसरट ताट. ते हनुवटीखाली धरलं जातं. पितळेच्या परातीला कुठलाही तांबट अशी खाच पाडून देईल. रक्त झेलायलाही तेच ताट उपयोगी पडतं.

स्पर्धेसाठी ‘स्वीनी टॉड’ मराठीत करायचंय. टीव्हीपटाचा संवाद न् संवाद उतरवून घेतलाय. परवानगी लागते का?
— नाट्यमंडळ, साखळी

लागते. उतरवून घेतलेली वही कपाटात ठेवा. टीव्हीपटाची संहिता हक्काखाली आहे. बाँडचं नाटकही हक्काखाली. सोंडहाइमच्या संगीतकाचे प्रयोगहक्क न्यूयॉर्कची म्युझिक थिएटर इंटरनॅशनल देते, आणि भाषांतर करायचं तर त्याची परवानगी वेगळी. ‘आमचा प्रयोग हौशी आहे, तिकीट नाही’ एवढ्याने या गोष्टी सुटत नाहीत.

पण १८४६-४७ची कादंबरी सर्वांची आहे. टॉड, लव्हेट, पोरगा नोकर टोबायस, जोहाना ओकली, मोत्यांची माळ, उलटणारी खुर्ची, पाई, हे सगळं त्यातलं, खुशाल वापरा. न्यायाधीश टर्पिन, बेंजामिन बार्कर हे टॉडचं जुनं नाव आणि भिकारीण झालेली बायको यांना हात लावू नका, ती नंतरची भर आहे. तुरुंगातलं बालपण बीबीसीचं.

आणि खरं सांगायचं तर कादंबरीत तुमच्या कामाचं जास्त आहे. जोहाना मुलाचा वेश करून टॉडच्याच दुकानात नोकरीला राहते. मेलेल्या खलाशाचा कुत्रा दुकानाच्या दारातून हलत नाही. आणि शेवट : लव्हेटच्या दुकानात गिऱ्हाइकं पाईंची वाट बघत उभी आहेत, तळघरातून पाईंचा पाट यंत्राने वर येतो, आणि त्यावरून उडी मारून तळघरात कोंडलेला आचारी बाहेर पडतो नि सांगतो की तुम्ही खाताय ते माणसाचं मांस आहे. असा प्रवेश सोडून टीव्हीपटाची नक्कल कशाला करायची?

गळा चिरण्याचा प्रसंग प्रेक्षकांसमोर करायचा आहे. खोटा वस्तरा आणि रक्त कसं करावं? गेल्या प्रयोगात कुंकवाचं पाणी वापरलं, ते गुलाबी दिसलं.
— दिग्दर्शक, पेडणे

आधी वस्तरा. खरा वस्तरा, धार घालवलेला असला तरी, रंगमंचावर आणायचा नाही. सलूनमधला अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा ब्लेड काढून वापरावा असं कुणी सुचवेल. त्याच्या पकडीच्या कडाही ओरखडा काढतात. दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. पातं साडेसात सेंटिमीटर लांब, दीड ते दोन सेंटिमीटर रुंद. चारी कडा कानशीने गोल करा, मग चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. बोट दाबून फिरवल्यावर कुठेही टोचता कामा नये. मूठ लाकडाची. बिजागरीचा रिव्हेट इतका घट्ट ठोका की पातं आपणहून झुलणार नाही. सैल रिव्हेटचं पातं ऐन वेळी नटाच्याच बोटांवर मिटतं.

रक्त वस्तऱ्यातून यायला हवं असेल तर पात्याच्या प्रेक्षकांना न दिसणाऱ्या अंगाला, पाठीलगत, सलाइनच्या संचातली बारीक नळी चिकटवा. तिचं तोंड पात्याच्या मध्यावर, दुसरं टोक मुठीतून तळव्यात लपवलेल्या ड्रॉपरच्या रबरी फुग्याला. पाच-सहा मिलिलिटर रक्त बसतं आणि एका रेषेला तेवढं पुरतं. पातं ओढताना फुगा एकदम दाबायचा नाही. दाबत दाबत ओढायचं, नाहीतर सुरुवातीलाच एक थेंबा पडतो आणि रेष उमटत नाही. नळीत हवा राहिली तर फुसकन बुडबुडा येतो, म्हणून भरल्यावर तोंड वर धरून एक थेंब बाहेर काढा आणि प्रवेशापर्यंत टोकाला व्हॅसलिनचा ठिपका लावून ठेवा.

नळीची भानगड नको असेल तर गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीच्या रुमालात चार बाय तीन सेंटिमीटरचा स्पंज शिवा, त्यात पंधरा मिलिलिटर रक्त. टॉडचा उजवा हात पातं ओढतो, डावा स्पंज दाबतो, आणि लगेच गिऱ्हाईक स्वतःच्या दोन्ही हातांनी गळा धरतं. ही रीत जास्त भरवशाची. फुगे, पिना, फुटणाऱ्या पिशव्या गळ्याजवळ आणू नका.

रक्ताची कृती : बेकरीचं सामान मिळतं तिथे लिक्विड ग्लुकोज मिळेल. दोनशे ग्रॅम ग्लुकोज, पन्नास मिलिलिटर कोमट पाणी, खाण्याचा लाल पातळ रंग एक छोटा चमचा, अर्धा छोटा चमचा कोको पूड थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून, आणि दातकोरण्याच्या टोकावर येईल एवढाच निळा रंग. कोकोमुळे पारदर्शकपणा जातो आणि निळ्यामुळे सरबती लाली मरते. तुमचं कुंकवाचं पाणी गुलाबी दिसलं कारण ते पातळ होतं आणि त्यातून खालचा पांढरा कपडा दिसत होता. कपड्यावरच पडणार असेल तर भांडी घासायच्या द्रवाचा एक छोटा चमचा घाला, धुवायला बरं. तोंडात जाणार असेल तर तो अजिबात नको.

आपल्याकडे दोन अडचणी येतात. दमट हवेत हे मिश्रण दोन-तीन दिवसांत आंबूस होतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा आणि प्रयोगाआधी तासभर बाहेर काढा. गार असताना ते घट्ट होतं आणि नळीतून येत नाही. दुसरी, मुंग्या. देवळासमोरच्या मंडपात साखरेचं रक्त सांडलेली खुर्ची रात्रभर ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर नट बसू शकत नाही. प्रयोग संपल्या संपल्या ओल्या फडक्याने पुसा. जमिनीवर पडलं तर ते तेलापेक्षा निसरडं, तेव्हा खुर्चीखाली गडद रंगाचं खरखरीत जाजम हवंच.

आणि चिरताना बाजू सांभाळा. खुर्ची प्रेक्षकांना तिरकी. पातं प्रेक्षकांपासून दूरच्या अंगाने सुरू होऊन हनुवटीच्या सावलीत संपतं, गळ्यापासून बोटभर अंतरावरून. प्रेक्षकांची नजर त्या क्षणी गिऱ्हाइकाच्या टाचांवर असू द्या. टाचा एकदा जोरात आपटल्या, मग सुटल्या, की गळ्याकडे बारकाईने कुणी बघत नाही.

उलटणारी खुर्ची करता येईल का? आमचा रंगमंच देवस्थानचा, सिमेंटचा.
— वाचक, काणकोण

सिमेंटला भोक पाडता येणार नाही, पाडूही नका. कादंबरीतली रचना आधी सांगतो, कारण ती हुशारीची आहे. जमिनीचा एक तुकडा मधल्या कण्यावर फिरतो. वर एक खुर्ची, खालच्या अंगाला दुसरी. आतल्या खोलीतून खिटी काढली की वरची खुर्ची माणसासकट खाली जाते आणि खालची वर येते. दुकानात बघणाऱ्याला खुर्ची जागच्या जागी, माणूस तेवढा गायब.

रंगमंचावर पूर्ण फेरा करायच्या नादी लागू नका. मागे सरकणारी खुर्ची करा. नव्वद सेंटिमीटर उंचीची एक लेव्हल (चौथरा) बांधा, समोर दुकानाच्या पायऱ्या. खुर्चीचे मागचे पाय लेव्हलच्या मागच्या कडेला भक्कम बिजागऱ्यांनी जोडा. खुर्ची मागे कलंडली की नट पाठीवर घसरून लेव्हलमागच्या उतारावर जातो. उताराची फळी पस्तीस ते चाळीस अंश, वर गुळगुळीत रेक्झिन, तळाला पंधरा सेंटिमीटरच्या फोमच्या दोन गाद्या एकावर एक. समोरून हे सगळं काळ्या पडद्याने झाकलेलं. मागे एक माणूस नटाला झेलायला, दुसरा खुर्ची धरायला. या दुसऱ्याला विसरतात आणि तिथेच अपघात होतो : वजन उतरताच खुर्ची झटक्यात परत येते आणि नटाच्या पायांवर किंवा डोक्यावर बसते. तिला दोर बांधून तो या माणसाच्या हातात द्या.

कड्या दोन हव्यात. एक टॉडच्या पायाशी, एक मागच्या माणसाकडे. दोन्ही काढल्याशिवाय खुर्ची हलता कामा नये, कारण प्रवेश बदलताना त्या खुर्चीवर कोण येऊन टेकेल सांगता येत नाही. माणूस बसवण्याआधी नटाच्या वजनाच्या दीडपट वाळूची पोती ठेवून पाच-सहा वेळा पाडून बघा. सत्तर किलोचा नट असेल तर एकशे पाच किलो. बिजागरीचे स्क्रू प्लायवूडमध्ये धरत नाहीत, आरपार नट-बोल्ट लागतात. नटाने हनुवटी छातीला लावायची, हात छातीवर आवळायचे, टाचा उचलायच्या. गळ्याभोवतीचं न्हाव्याचं कापड मागे गाठ मारून बांधू नका, नुसतं खोचा. खुर्चीत अडकलेल्या कापडाला गाठ असली तर खोटा फास खरा होईल.

एवढी माणसं आणि लाकूड नसेल तर सरळ अंधार करा. खुर्ची मागे कलते, कडी खडखडते, दिवे जातात, दिवे येतात, खुर्ची रिकामी. यात कमीपणा काहीच नाही.

पाई रंगमंचावर खायच्या आहेत. देवळाच्या आवारात प्रयोग असल्याने मांस चालणार नाही. पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) पॅटिस चालतील?
— वाचक, केपे

पॅटिस नकोत. पापुद्रे घशात चिकटतात आणि पुढचं वाक्य खोकल्यात जातं. शिवाय त्या काळची मांसाची पाई म्हणजे पापुद्र्यांचं पॅटिस नव्हे, ती भांड्याशिवाय उभी राहणारी, जाड भिंतींची. अडीचशे ग्रॅम मैदा, पाऊण चमचा मीठ. शंभर मिलिलिटर पाण्यात शंभर ग्रॅम वनस्पती तूप घालून उकळी आणा (तिथे डुकराची चरबी घालतात), ते कढत कढत मैद्यात ओता, चमच्याने ढवळा, हाताला सोसेल तेव्हा मळा. गार होऊ दिलं तर कडा फुटतात, म्हणून गोळा फडक्याखाली ठेवून एकेक पाई करायची. छोट्या वाटीच्या बाहेरून थापून भिंत उभी करा, गार झाल्यावर वाटी काढा, सारण, वर झाकण, मधोमध वाफेला भोक. दोनशे अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. पोदेराची भट्टी गरम असेलच, त्याला विचारा.

सारणाला कोवळा कच्चा फणस. वीस मिनिटं उकडून, पिळून, हाताने तंतू सुटे करा, कांदा-मिरीवर कोरडा परता. तिसऱ्या रांगेतून ते मांस नव्हे असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. सारण ओलं राहिलं तर बूड भिजतं आणि पाई उचलताना नटाच्या मांडीवर येते. ज्या पाईचा घास घेऊन बोलायचंय तिच्यात मात्र कुस्करलेलं उकडलेलं केळं भरा आणि झाकण पातळ ठेवा.

गावात नाभिक समाजाची बरीच घरं आहेत. न्हावी खुनी दाखवला तर त्यांना वाईट वाटेल का?
— वाचक, डिचोली

विचारलंत हे चांगलं केलंत. २००९ साली शाहरुख खानच्या ‘बिल्लू बार्बर’ला केशकर्तन व्यावसायिकांनी हरकत घेतल्यावर ‘बार्बर’ शब्द काढून नुसतं ‘बिल्लू’ ठेवावं लागलं होतं, आणि त्यातला न्हावी तर सज्जन होता. तेव्हा टॉडला टॉडच राहू द्या. लंडन, फ्लीट स्ट्रीट, इंग्रजी नावं. त्याला गोव्यातला करून इथलं नाव, इथली बोली, इथला गणवेश चढवू नका; जाहिरातीत ‘खुनी न्हावी’ असं मोठ्या टायपात छापू नका. वस्तरा धरायला शिकवायला गावातल्याच एखाद्या जाणत्या कारागिराला सन्मानाने बोलवा आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव घाला. त्यांनी तालीम बघितली की आक्षेपाचा मुद्दा आधीच कळेल आणि तुमच्या टॉडचा हातही सुधारेल.

दहा वर्षांच्या नातवाला टीव्हीपट दाखवावा का?
— वाचक, वास्को

नको. पंधरा-सोळाचा झाला की बघेल.

आमच्या प्रयोगात खुनाच्या वेळी सगळा रंगमंच लाल केला होता. परीक्षकांनी ‘रक्त दिसलंच नाही’ असं लिहिलं. असं कसं? आणि पांढरं कापड धुवूनही डाग जात नाहीत.
— प्रकाशयोजनाकार, कुडचडे

लाल उजेडात पांढरं कापडही लाल दिसतं आणि रक्तही, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. परीक्षक बरोबर आहेत. निळ्या उजेडात तेच रक्त काळं दिसतं, त्याचा उपयोग प्रेत ओढून नेताना होतो. खुर्चीवर खुनाच्या क्षणी साधा पांढरा, किंचित पिवळसर झोत ठेवा, डोक्यावरून नको, बाजूने. लाल हवाच असेल तर मागच्या पडद्यावर टाका. एलईडीच्या लाल-हिरव्या-निळ्याने बनवलेल्या पांढऱ्यात काही लाल रंग नारिंगी दिसतात, म्हणून रक्ताचा नमुना त्याच सभागृहात, त्याच दिव्याखाली, त्याच कापडावर थेंबभर टाकून बघा. नारिंगी वाटला तर कोको वाढवा.

डागांचं कारण सुती कापड. खाण्याचा रंग सुतात मुरतो. न्हाव्याचं कापड पॉलिस्टरचं घ्या, दोन नग ठेवा. पडदा पडल्याबरोबर गार पाण्यात बुडवा, मग साबण. गरम पाणी लागलं की डाग बसला.